मडगाव ते काणकोण ते केपे: मातीच्या वाटांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की ग्रॅव्हल सायकलवरून (कच्च्या वाटांसाठीची सायकल) दक्षिण गोवा दोन दिवसांत फिरायचा विचार आहे. त्या भागातल्या जाणकारांनी जरा सांगावं.

पहिल्या दिवशी मडगावहून साळ नदीकाठच्या खाजन शेतांमधून बेतूल, पुढे काब द राम आणि आगोंद करून काणकोणात मुक्काम. अडलंय ते खाजनांच्या बांधांवर. खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून घातलेले हे मातीचे बांध. मानशीच्या (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) आसपास माती वरून सुकलेली दिसली तरी आत मऊ असते. चाकाखाली कड ढासळली तर भरतीचं पाणी कुणाच्या तरी उभ्या पिकात शिरायचं, आणि ते मला अजिबात नको आहे. तेव्हा गावकरी स्वतः दुचाकी नेतात असे बांध कोणते? तेवढेच धरेन.

दुसऱ्या दिवशी केपे गाठायचं. करमल घाटात हायवेची वाहतूक, म्हणून गावडोंगरी-बार्सेकडून जाईन. त्या बाजूला डांबर सोडून कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडेने जाणारी सार्वजनिक वाट आहे का? खोतीगाव अभयारण्यात सायकल आत सोडतात का, परवानगी कुठे काढायची?

टायर ४० मिमीचे आहेत. उतारावर चिऱ्याचे सुटे खडे गोट्यांसारखे घरंगळतात, तिथे एवढी रुंदी पुरते का, हेही अनुभवी लोकांनी सांगा. सोबत धाकटी बहीण आहे, तिची ही पहिलीच लांबची फेरी. त्यामुळे पाणी आणि पंक्चरची सोय कुठे मिळेल तेही कळवा.