बाबांची न्यूरोलॉजिस्टकडे पहिली अपॉइंटमेंट

बी-३०२: नमस्कार. घरचा विषय सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय, पण मदत हवी आहे. सासऱ्यांचा (वय ७२) उजवा हात सात-आठ महिन्यांपासून थरथरतो. शुक्रवारी गंगापूर रोडला न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. जाताना काय तयारी करायची?

ए-१०१: वहिनी, जुन्या फायली सगळ्या न्या. शुगर, थायरॉइड, बी१२ चे रिपोर्ट असतील तर वर ठेवा.

सी-२०४: एमआरआय आधीच काढून घ्या. एक खेप वाचेल.

ए-४०३: एमआरआय आपल्या मनाने नको गं. आम्ही घाईने मानेचा काढला आणि डॉक्टरांनी तपासल्यावर त्याची गरजच नव्हती असं कळलं. पैसे गेले ते गेलेच, वर ह्यांना त्या मशीनमध्ये उगाच घाबरायला झालं. आधी काढलेला असेल तर मात्र नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही घे.

खरी तयारी बघून ठेवण्याची आहे. हात कधी थरथरतो? टीव्ही बघताना मांडीवर नुसता ठेवलेला असताना, की चहाचा कप उचलताना? दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात. मोबाइलवर व्हिडिओ घे. बाबा पॅसेजमधून चालत जाऊन वळून येतात तेही घे, उजवा हात डाव्यासारखा हलतो का ते दिसू दे. दवाखान्यात नेमका त्याच वेळी हात शांत राहतो.

आमचे हे नोट प्रेसमधून रिटायर झालेले, अक्षर मोत्यासारखं. बँकेत सही जुळेना तेव्हा आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टरांनी जुनी आणि नवी सही शेजारी ठेवून बघितली. अक्षरं बारीक होत गेली होती. तेव्हा कळलं की पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, असं होतं. फोडणी करपली तरी ह्यांना वास यायचा नाही, झोपेत ओरडायचे, पोट साफ व्हायचं नाही. आम्ही हे कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण हाताशी त्याचा संबंध असेल असं वाटलंच नाही. तू सगळं लिहून ने. आणि सासूबाईंना बरोबर ने, रात्रीचं त्यांनाच ठाऊक.

बी-३०२: काकू, झोपेत ओरडतात हे आई परवाच म्हणाल्या 😟

ए-४०३: घाबरू नकोस. त्यावरून आपण काही ठरवायचं नाही, फक्त सांगायचं.

डी-१०५: मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे म्हणून एक विचारते. बाबा चक्करेची किंवा उलटीची गोळी बरेच दिवस घेतात का? सिनॅरिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड अशा औषधांनीही कंप येऊ शकतो.

बी-३०२: चक्करेची स्ट्रिप आहे घरात! दोन वर्षं तीच आणतोय. बंद करू का?

डी-१०५: आपल्या मनाने बंद करू नका. स्ट्रिपच पिशवीत टाका आणि डॉक्टरांना विचारा. आयुर्वेदिक काढे, चूर्णंही लपवू नका. सैल कपडे, सहज निघणाऱ्या चपला घाला, तळव्याची तपासणी करतात. आणि मधल्या दिवसांत अचानक तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर शुक्रवारची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

बी-३०२: सगळं वहीत उतरवलं. २०१५ च्या पासबुकावरची सहीही सापडली.

ए-१०१: शुक्रवारी रिक्षा शोधू नका. मी गाडी काढतो. किती वाजताची वेळ आहे?

बी-३०२: साडेअकरा, दादा.

ए-१०१: पावणेअकराला गेटपाशी उभा असतो. आजींना पुढे बसवू.