"वजन बदलता येतं, मग भेदभाव कसला?" या पोस्टला उत्तर

मुक्ता_सातारा
काल एकांनी लिहिलं: "जाड माणसाला नोकरीत किंवा लग्नात नाकारलं तर तो भेदभाव नव्हे. जात, रंग बदलता येत नाही, वजन बदलता येतं. तोंडावर ताबा ठेवा आणि चाला." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहून गप्प बसवेना.

माझी धाकटी बहीण पोटात दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेली. पोटाला हातही न लावता "आधी वजन उतरवा" म्हणून परत पाठवलं. पुढे दुसरीकडे सोनोग्राफी झाली, तर पित्ताशय खड्यांनी भरलेलं. मधले महिने तिने पित्ताच्या गोळ्या खात आणि स्वतःला दोष देत काढले. आता साध्या तापालाही दवाखान्याची पायरी चढायला ती तयार नसते. याला भेदभाव नाही तर काय म्हणायचं?

आणि "तोंडावर ताबा" म्हणणाऱ्यांसाठी: डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचा जाड-बारीकपणा जन्मदात्यांशी जुळला, ज्यांच्या घरी जेवून वाढली त्यांच्याशी नाही.

टेकडीवाला
ताई, ती पोस्ट माझीच. बहिणीचं वाईट वाटलं, पण पित्ताचे खडे वजनामुळेच होतात हे डॉक्टरांनी सांगितलं नाही का? आणि जनुकांचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. २०१५-१६ मध्ये वजन जास्त असलेल्या बायका २०.६ टक्के, २०१९-२१ मध्ये २४. पुरुष १८.९ वरून २२.९. एवढ्यात जनुकं बदलली? माझे आजोबा तूप-गूळ खाऊन काटक राहिले, कारण दिवसभर शेतात राबायचे.

मुक्ता_सातारा
खडे झटपट वजन उतरवल्यानेही होतात. आणि कारण कुठलंही असो, सोनोग्राफी का लिहून दिली नाही? दुखणाऱ्या पोटाची तपासणी वजन उतरल्यावर करायची असते का?

तुमचे आकडे तर माझ्याच बाजूचे आहेत. चार-पाच वर्षांत देशभरातली माणसं एकदम आळशी झाली का? बदललं ते भोवतालचं. अमेरिकेत २०१९ साली २० जणांना दोन आठवडे पाकिटबंद अन्न दिलं, दोन आठवडे साधं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या अन्नात साखर, चरबी, कॅलरी सारख्या, त्यातलं हवं तेवढं खा. पाकिटबंदवर माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. तीच माणसं, तोच ताबा.

दोनदाच_जेवा
एवढा वाद कशाला? डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांचं ऐका. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण, मधे काही नाही. माझी ढेरी गेली, साखर खाली आली. फुकटात होतंय तर करायला काय जातं?

तूपभात
आमच्या घरी हाच प्रयोग झाला. वहिनीला चक्कर यायची आणि रात्री जेवायला बसली की थांबता यायचं नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोडं थोडं, घरचं, वेळच्या वेळी सुरू केलं तेव्हा ती माणसात आली.

दोनदाच_जेवा
दर दोन तासांनी खा म्हणजे इन्शुलिनला दिवसभर उसंत नाही! हजारो लोकांना दीक्षितांमुळे फरक पडलाय. तुमच्या वहिनींनी नीट केलं नसणार.

तूपभात
नीट केलं नसणार? तुम्ही होतात का आमच्या स्वयंपाकघरात? फायदा झाला की पद्धतीचं श्रेय आणि त्रास झाला की बाईची चूक. हा उद्धटपणा आवरा.

केईएमच्या_गल्लीत
दोघांनी जरा थांबा. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ साली स्वतःची आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५; तरी आपल्या बाळांची चरबी त्या मानाने टिकून असते, मांस कमी. आईच्या पोटातच घडलेली ही गोष्ट आहे. कोणाच्या जिभेचा दोष काढणार? मी प्रयोगशाळेत काम करते. काडीसारखे हातपाय आणि साखर तीनशे, असे कितीतरी येतात. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही.

वाळकी_काकडी
आम्हाला वेगळं ऐकवतात हो. "सासरी जेवायला देत नाहीत का?" प्रत्येक हळदीकुंकवाला. तेही मोजा.

मुक्ता_सातारा
मोजते, आणि तेही वाईटच. पण त्यापायी तुमची नोकरी जात नाही. वजनाच्या अटीविरुद्धची हवाई सुंदरींची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली, पुढे २००९ साली एअर इंडियाने वजनावरून काहींना काढलंसुद्धा. उलट न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये उंची-वजनावरून नोकरी आणि भाड्याचं घर नाकारायला कायद्याने बंदी घातली.

टेकडीवाला
विमानात चपळ माणूस लागतो, त्यात चूक काय? मी स्वतः चालून वजन उतरवलंय, रोज पहाटे उठून. त्या कष्टाला काही किंमत आहे की नाही? सगळं जनुकं आणि पाकिटांवर ढकललं तर कोणी घराबाहेरच पडणार नाही.

मुक्ता_सातारा
किंमत आहे, दादा. चालणं सगळ्यांसाठीच चांगलं, वजन उतरो न उतरो. पण वजन उतरवणं आणि ते टिकवणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं आणि नुसतं बसून असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांच्याइतका घाम तुम्हीआम्ही गाळलेला नाही.

दोनदाच_जेवा
त्यांनी दोनदाच जेवायला हवं होतं.

तूपभात
पुरे!

टेकडीवाला
ठीक आहे. बहिणीची सोनोग्राफी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, एवढं मान्य. त्यापलीकडे नाही. लग्नात ज्याची त्याची आवड असते, त्याला कायदा लावता येणार नाही.

मुक्ता_सातारा
लग्नासाठी कायदा मी मागितलाच नाही. तुमच्या पोस्टमध्ये नोकरी आधी आहे, तिचं बोला. विमान बाजूला ठेवू. बँकेत हिशेब बघायला, शाळेत गणित शिकवायला कमरेचा घेर किती लागतो, ते आकड्यात लिहा.