गस्त एकच, हकिगती वेगवेगळ्या: खरं कुणाचं मानायचं?

वाईची_अनुजा:
जानेवारी १९९१, आखाती युद्ध. ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या विशेष दलाची ‘ब्राव्हो टू झीरो’ ही आठ जणांची तुकडी इराकमध्ये उतरली. तिघे गेले, चौघे पकडले गेले, एकटा ख्रिस रायन चालत सीरियात पोचला. तुकडीप्रमुख अँडी मॅकनॅबचं पुस्तक १९९३ चं, रायनचं १९९५ चं (नावं दोघांचीही टोपणच). लागोपाठ वाचली आणि डोकं भणभणलं. मॅकनॅबच्या हिशेबात शत्रूचे २५० मेले किंवा जखमी झाले. पुढे मायकल अॅशर त्या जागी जाऊन तिथल्या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या अरब) कुटुंबाला भेटला. ते म्हणाले, पहिल्या चकमकीत आम्ही घरचे तिघंच होतो! कुणावर विश्वास ठेवायचा?

निवृत्त_सुभेदार:
ताई, गस्तीवरून परत आलो की कोतमध्ये (शस्त्रागारात) हत्यार जमा करताना राउंड मोजून द्यावे लागायचे. किती झाडले ते पक्कं कळायचं. किती लागले? अंधारात, पळताना कोण मोजणार! एकदा आमच्या चौघांत नाला ओलांडला कधी, फायरिंगच्या आधी की नंतर, यावर सकाळपर्यंत एकमत झालं नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. म्हणून क्रम चुकला, अंतर चुकलं तर मी सोडून देतो. २५० हा आकडा मात्र सोडवत नाही.

रानवाटा:
त्या वेळचे एसएएस रेजिमेंटचे सार्जंट मेजर पीटर रॅटक्लिफ यांनीही लिहिलंय की परतल्यावर झालेल्या चौकशीत एवढ्या मोठ्या चकमकी सांगितल्याच नव्हत्या. माझ्यासाठी विषय तिथेच मिटला.

वाईची_अनुजा:
आकड्याचं सोडा, मला त्या गेलेल्या तिघांतल्या व्हिन्स फिलिप्सचं लागलं. बर्फाच्या रात्री तो रायनपासून मागे पडला आणि थंडीने गेला. रायनच्या पुस्तकात तो कच खाणारा दिसतो. त्याच्या घरच्यांना ते किती झोंबलं असेल!

निवृत्त_सुभेदार:
बरोबर धरलंत. गारठ्यात माणूस आधी थरथरतो, मग बरळायला लागतो, पुढे हातातली वस्तू कधी गळून पडली तेही त्याला कळत नाही. आमचा एक धट्टाकट्टा जवान असाच बर्फात बसून राहिला होता, उठवलं तर आम्हालाच ढकलायचा. तो भित्रा नव्हता, गारठला होता. जिवंत राहिलेले एकमेकांना खोडून काढू शकतात, पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देतात. व्हिन्सचं पुस्तक कुठाय?