ठेकेदार 'उद्या येतो' म्हणाला तेव्हा... (घर बांधलेल्यांनी, पाडलेल्यांनी अनुभव सांगा)

रंकाळाकाठ
काल लेकीचा फोन. ती फिनिक्सला असते. तिकडं वाळवंटात जुनं घर घेतलंय, आता स्वयंपाकघर मोठं करायचंय. म्हणाली, "बाबा, ठेकेदाराचा परवाना सरकारी साइटवर तपासला, त्याच्यावरच्या तक्रारीपण तिथंच दिसतात." अ‍ॅरिझोनात त्यासाठी रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्स असं वेगळं खातंच आहे म्हणे. मी गप्प. आम्ही आमच्याला काम दिलं ते त्याची बुलेट बघून.

२०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्याही वर गेलेलं. शाहूपुरीत आमच्या खालच्या मजल्यात छातीपर्यंत. पाणी उतरल्यावर ठेकेदार म्हणाला, दिवाळीच्या आत चकाचक करून देतो. दिलंनपण! भिंत आतून ओली, तिच्यावर गिलावा, वर पुट्टी, वर रंग. शिमग्यापर्यंत लोणा फुटला, पापुद्रे हातात यायला लागले. फोन केला तर "काका, तुमच्या भिंतीतच दोष आहे." मग २०२१ ला परत पाणी आलं आणि खरं सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. तो गिलावा एकदाचा गेला.

पांढरा_रस्सा
बुलेट 😂😂 आमच्याकडं पांढरी स्कॉर्पिओ होती

वहिनी_राजारामपुरी
कुकर लावलाय, पटकन लिहितो. (हो, बाई आहे, कोल्हापूरची आहे, 'लिहितो'च म्हणणार.) आमच्या गच्चीचा स्लॅब ओतला त्याच्या सहाव्या दिवशी मुकादम खालच्या आधाराच्या प्लेटा काढायला हजर. दुसऱ्या साइटवर पाहिजेत म्हणे. माझा भाऊ पीडब्ल्यूडीत होता, त्यानं सांगून ठेवलेलं: स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरच्या आत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर ७ दिवस, जास्त असेल तर १४. बीमखालचे १४, लांब बीम असेल तर २१. मी जिन्यात खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, माझ्यावरनं जावा. गेला नाही.
पाणीपण मीच मारलं, सकाळ संध्याकाळ, गोणपाट टाकून. बिगारी पोरगं नुसतं पाइप हातात धरून मोबाइल बघायचं.

उसाचं_शिवार
वहिनी 🙏🙏
आमची चूक वेगळी. जागा उसाच्या रानातली, काळी माती. पावसात फुगती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. ठेकेदार म्हणाला तीन फूट पाया बास. मुरूम लागेपर्यंत खोदायचं ते खोदलंच नाही. आता दाराच्या वर तिरकी चीर. पावसाळ्यात दार लागत नाही, उन्हाळ्यात आपोआप उघडतं. पाहुणे म्हणतात भूत आहे.

पांढरा_रस्सा
भुताकडनं भाडं घ्या

टक्सनकर
मूळ कळंब्याचा, इकडं अ‍ॅरिझोनातच अकरा वर्षं. रंकाळाकाठ, लेकीला सांगा, परवाना बघितला ते उत्तमच, पण करारात जमिनीखाली काय लागलं तर कोण पैसे देणार ते बघ म्हणावं. आम्ही मागं एक खोली वाढवली. दोन फुटांवर कॅलिची लागली. चुन्याचा घट्ट झालेला थर, अगदी काँक्रीट. कुदळ उडते. ब्रेकर आणला, बिल आमच्या नावावर. तुमच्याकडं मुरूम लागत नाही म्हणून रडायचं, आमच्याकडं हे लागतं म्हणून.
अजून एक. हजार डॉलरच्या आतलं किरकोळ काम बिनपरवान्याचा माणूस करू शकतो. त्यामुळं काही बहाद्दर सांगतात, मोठं काम तुकड्यातुकड्यात दाखवू. ते चालत नाही, नादाला लागायचं नाही. आणि छप्पर जुलैत उघडायचं नाही! वाळवंट म्हणून फसू नका, आधी धुळीची भिंत येते, मग तासाभरात अंगणाचा ओढा.

रंकाळाकाठ
लगेच पाठवतो तिला. खोली वाढवायचं तिच्याही डोक्यात आहे.

जयंती_नाला
पैशाचं कुणी लिहिलं नाही? आम्ही गणपतीच्या आधी उचल दिली, त्यानं ती भावाच्या लग्नात घातली. लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. जेवण चांगलं होतं, आपलंच होतं म्हणा.
त्यानंतर नियम केला. जोत्यापर्यंत आल्यावर एक हप्ता, स्लॅबला एक, गिलाव्याला एक, आणि शेवटचा फरशीचा उतार पाणी ओतून बघितल्यावर. बाथरूमचं पाणी दाराकडं आलं तर पैसे नाहीत.

वहिनी_राजारामपुरी
स्लॅबच्या दिवशी कामगारांना काय घातलं कुणी? आम्ही चाळीस जणांना मटण, तांबडा, पांढरा. दुपारनंतर मिक्सरच चालेना, सगळे सावलीला आडवे.

उसाचं_शिवार
मटण रात्री द्यायचं ओ, दुपारी भजी आणि चहा

पांढरा_रस्सा
माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून परत आलो. टक्सनकर, तिकडं बकऱ्याचं मिळतं का?

टक्सनकर
मिळतं. कांदा लसूण मसाला आई पाठवते.

जयंती_नाला
रंकाळाकाठ, लेकीच्या त्या ठेकेदाराचा नंबर मिळेल का? माझी गच्ची गळतेय.

रंकाळाकाठ
फिनिक्सवरनं येणार होय तो?

जयंती_नाला
आमचा कसबा बावड्यातनं चार महिने निघालाय. बघू कोण आधी पोचतंय.