गळती कॉलमध्ये नाही, पडून असलेल्या सिममध्ये आहे

मोठ्या कंपनीत मोबाइलचं बिल आवरायचं तर प्रत्येकाची मर्यादा कमी करा, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून देशातले कॉल आणि डेटा इतके स्वस्त झालेत की तिथे कात्री लावून फार काही हाती लागत नाही.

मी एका कारखान्याच्या ॲडमिनमध्ये असताना बिलाची एक्सेल आणि एचआरची यादी शेजारी ठेवून नंबर ताडून पाहिले. नोकरी सोडून गेलेल्यांची सिम चालूच, भाडं दरमहा जातंय! नोकरी सोडताना भरायच्या नो ड्यूजच्या फॉर्मवर लॅपटॉप होता, ओळखपत्र होतं, सिमचा रकानाच नव्हता. तो घातला. बंद प्रोजेक्टची डेटा कार्डंही त्याच वेळी सापडली.

दुसरी जागा म्हणजे परदेशातलं रोमिंग. पॅक न घेता माणूस विमानातून उतरतो, फोन आपोआप अपडेट घेऊ लागतो आणि बिल फुगतं. तिकीट काढणाऱ्या ट्रॅव्हल डेस्कनेच पॅकही सुरू करावा, प्रवाशावर सोडू नये.

कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावावरचं बिल भरून कंपनीकडून पैसे परत घेण्याचा पर्याय सोपा वाटतो खरा. पण बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नसेल तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कंपनीच्या करातून मिळणारी वजावट, जातं. शिवाय सेल्सचा माणूस गेला की ग्राहकांना पाठ झालेला नंबरही त्याच्याबरोबर जातो. हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.