अनुभव धागा: विक्रांतवर तुमचा बंक कुठे होता?

धागा सुरू करणारा (रेडिओ मेकॅनिक, ऐंशीच्या दशकात जहाजावर)

४ मार्च जवळ आला की आमच्या व्हॉट्सॲप गटात तिरंग्याची आणि गुलाबाची चित्रं सुरू होतात. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते विक्रांत, आपली विमानवाहू युद्धनौका, नौदलात दाखल झाली, कॅप्टन महिंद्रू पहिले कप्तान, ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली तेव्हा स्वागताला खुद्द पंडित नेहरू. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं, त्यासाठी आपली गरज नाही.

मला हवंय ते कुठे मिळत नाही. तुमचा बंक, म्हणजे झोपायची फळी, कुठल्या मेसमध्ये (राहायच्या दालनात) होता? डोक्यावरून कसला पाइप जात होता? केस कोण कापायचं? लिबर्टी (किनाऱ्यावर जायची मोकळीक) बंद झाली की वेळ कसा काढायचा? आमच्यातले जुने शिपमेट एकेक करून जात आहेत आणि दर श्रद्धांजलीखाली कोणीतरी लिहितं, 'त्यांना विचारायचं राहून गेलं.' म्हणून आता विचारतोय.

तारीख आठवत नसेल तर 'थोरली झाली त्या वर्षी' असं लिहा, चालेल. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. कोड, सिग्नल, यंत्रणेचे बारकावे इथे नकोत. निवृत्त झालो तरी गोपनीयतेचा कायदा आपल्याला सुटलेला नाही.

बॉयलर रूम, १९७१

लोणावळ्याला 'शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर शिकून थेट विक्रांतच्या पोटात गेलो. बंक सांगून काय करू, तिथे फक्त पाठ टेकायचो. खरा मुक्काम खाली.

चार बॉयलर होते. त्यातल्या एकाच्या वॉटर ड्रमला तडे गेले होते हे आता जगजाहीर आहे, तेव्हा त्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. उरलेल्या तिनांवर लढाईला जायचं. वेग कमी म्हणजे डेकवर वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमान हवेत फेकायला सगळी भिस्त कॅटापल्टवर. कॅटापल्टला वाफ कुणाची? आमचीच. वर एक विमान सुटलं की खाली प्रेशरचा काटा हलायचा. लोक विचारतात, सी हॉक उडताना कसं दिसायचं. मी ते काट्यावर पाहिलंय बाबा, आकाशात नाही.

हातात कायम कॉटन वेस्टचा बोळा असायचा. शिडीचे कठडे एवढे तापायचे की उघड्या हाताने धरणं अशक्य. नवखा आहे की जुना हे त्याच्या तळव्यावरून कळायचं. विशाखापट्टणम सोडून अंदमानात पोर्ट कॉर्नवॉलिसला गेलो, तेव्हा कुठे आहोत हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. ४ डिसेंबरला कॉक्स बझार आणि चितगाववर आमच्या विमानांनी हल्ला केला ते मेन ब्रॉडकास्टवरून, म्हणजे जहाजाच्या लाउडस्पीकरवरून, समजलं. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी त्याला गप्प केलं, कारण गेज वाचायची होती.

डाव्या कानाने आता काही ऐकू येत नाही. नातवाला वाटतं आबा रागावलेत. आबांचा आवाज बॉयलर रूमचा आहे.

धागाकर्ता

काका, पोर्ट कॉर्नवॉलिसबद्दल नव्या वाचकांसाठी थोडी भर. तुम्ही तिकडे असताना विशाखापट्टणमात उलटं नाटक चालू होतं. आपलीच युद्धनौका 'राजपूत' बंदराबाहेर जाऊन विक्रांत असल्यासारखे संदेश पाठवत होती आणि बाजारात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या शिध्याची मागणी नोंदवली होती. पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' विक्रांतच्या शोधात तिथे आली आणि ३ आणि ४ डिसेंबरच्या रात्री तिथेच बुडाली. भाजीच्या ऑर्डरने पाणबुडीला चकवलं ही गोष्ट मला तरी तोफांच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडते.

कुकची पत्नी, रत्नागिरी जिल्हा

मी सांगतेय, लेक टाइप करतेय. आमचे 'हे' मालाडला 'हमला' या नौदलाच्या तळावर स्वयंपाक शिकले आणि मग विक्रांतवर गेले. घरी मात्र चहासुद्धा केला नाही कधी.

ही गोष्ट ऐकीव. ६५ च्या लढाईत पाकिस्तानने विक्रांत बुडवल्याचं सांगितलं. जहाज तेव्हा मुंबईत दुरुस्तीला गोदीत उभं, पण गावाला काय माहीत? सासूबाईंनी चूल पेटवायची बंद केली. शेजारणी भाकरी आणून ठेवायच्या, ती तशीच पडून. मग यांचं पत्र आलं. त्यात लढाईचं अक्षर नाही, जहाजाचं नाही. विचारलं होतं, पडवीची कौलं शाकारली का. सासूबाई ते पत्र पुढे कित्येक वर्षं लोकांना वाचून दाखवायला लावायच्या आणि कौलांपाशी आलं की शिव्या द्यायच्या.

हे गेले तेव्हा कागदावर माझ्या जन्मतारखेचा घोळ निघाला आणि फॅमिली पेन्शन अडकली. या खिडकीवरून त्या खिडकीवर. मग एक फोन आला, 'वहिनी, मी विक्रांतवर रायटर, म्हणजे कारकून, होतो, कागद घेऊन बसा.' त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर एकेक ओळ सांगून त्यांनी अर्ज लिहून घेतला, कुठे शिक्का, कुठे सही. पैसे सुरू झाले. त्यानंतर ते दर पाडव्याला फोन करतात आणि पहिला प्रश्न असतो, हयातीचा दाखला दिला का?

ट्रंकेत टोपीची पट्टी आहे आणि एक फोटो. गॅलीतली (जहाजाच्या स्वयंपाकघरातली) मंडळी मोठ्या कढईभोवती उभी, यांच्या हातात झारा. समोर पिठाच्या पोत्यावर एक जण मांडी घालून बसलाय, टोपी तिरकी. मागे यांच्या अक्षरात पेन्सिलने एवढंच: 'रविवार, पुऱ्या.' फोटो खाली जोडला आहे. पोत्यावर बसलेले कोण ते कोणी सांगेल का?

फ्लाइट डेक, हॅरियरच्या काळातला

मी उशिरा आलो. अलिझे विमानं विक्रांतवरून उतरली होती, आणि पुढे कॅटापल्ट काढून स्की-जंप, म्हणजे डेकच्या टोकाला वर वळलेला उतार, बसवला. जुने लोक आम्हाला हिणवायचे, 'तुम्हाला विमान फेकावं लागत नाही, ते आपणच उड्या मारतं.'

सगळ्यात जास्त आठवतं ते उड्डाणाआधीचं डेक वेचणं. खांद्याला खांदा लावून आडवी रांग, मान खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. एखादा वॉशर, तारेचा तुकडा, खडा इंजिनात गेला तर विमान आणि पायलट दोन्ही गेले. मी आजही सोसायटीच्या आवारात चालताना खिळे उचलतो. वॉचमन हसतो.

ज्यांना ती विमानं प्रत्यक्ष बघायची आहेत त्यांनी गोव्याला दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात जावं. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर तिन्ही उभी आहेत. नातवंडांना नेताना तिकिटापेक्षा पाण्याची बाटली विसरू नका.

शिपमेटचा मुलगा

माझे बाबा विक्रांतवर इलेक्ट्रिशियन होते. जहाज तरंगतं संग्रहालय होतं तेव्हा ते आम्हाला नौदल सप्ताहात घेऊन गेले आणि गाइडला बोलूच देईनात. शेवटी गाइडच त्यांच्यामागून चालायला लागला.

२०१२ ला धोकादायक म्हणून संग्रहालय बंद झालं. २०१४ च्या लिलावात ६० कोटींना जहाज गेलं. न्यायालयात दाद मागून झाली, सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये वाट मोकळी केली आणि नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात तोडायला सुरुवात झाली. बाबांनी त्या दिवसांत पेपर वाचला नाही. जहाज वाचवायला पैसे नव्हते हे त्यांना पटायचं, ते राग राग करत नसत. फक्त म्हणायचे, निदान एक डेक तरी कापून ठेवायचा होता.

पुढे बजाजने विक्रांतचं पोलाद वितळवून त्यातला अंश 'व्ही' मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीत वापरला. मी मोठ्या कौतुकाने गाडी घेऊन दारात उभी केली. बाबांनी टाकीवर बोट वाजवलं आणि विचारलं, 'यात कुठला भाग आहे? बॉयलर रूमचा की गॅलीचा?' मी म्हटलं ते कसं सांगणार. 'मग कळल्यावर बसतो.' ते कधीच बसले नाहीत.

एक वाचक

माझे काका 'खुकरी' या युद्धनौकेवर होते. ९ डिसेंबर १९७१ ला ती दीवजवळ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. काकांचा फोटो आमच्या देवघराशेजारी आहे. विक्रांतचा धागा आहे हे कळतंय, तरी लिहितोय. वाचलेल्यांपैकी एक जण आजीला भेटायला यायचे. आजी त्यांना काकांबद्दल काही विचारायची नाही, जेवायला वाढायची. ते गेल्यावर म्हणायची, 'त्याला बोलायला लावू नका रे.' दीवच्या स्मारकात काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. आम्ही तिला दाखवायला नेऊ म्हणत राहिलो, ती नको म्हणत राहिली.

धागाकर्ता

इथेच लिहा, वेगळा धागा कशाला.

फोटोंबद्दल एक विनंती. विक्रांत म्हणून फिरणारे बरेच फोटो 'विराट' या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचे आहेत. आकडा बघा: विक्रांत आर ११, विराट आर २२. डेकवर स्की-जंप दिसला तर फोटो ऐंशीच्या अखेरीनंतरचा, आणि तो ७१ चा म्हणून पुढे पाठवला जात असेल तर तिथल्या तिथे टोका. आणखी एक गंमत: २०२२ च्या नव्या विक्रांतचा आकडाही आर ११ च आहे, ऋग्वेदातलं 'जयेम सं युधि स्पृधः' हे ब्रीदही तेच. नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. चेहरे ओळखणारा माणूस घरात असेल तर आज रात्रीच त्याच्यासमोर फोन रेकॉर्डिंगला लावा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. मुलाखत वगैरे म्हणू नका, माणूस लगेच भाषण करायला लागतो. जमेल त्यांनी आपल्या कागदांची एक प्रत मुंबईच्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीलाही द्यावी. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ती १९७८ मध्ये सुरू केली. ७१ मध्ये विक्रांतबरोबरच्या ताफ्यात 'कामोर्टा' ही युद्धनौका त्यांच्याकडे होती, म्हणजे ते परके नव्हेत.

रायटर, निवृत्त

वहिनी, फोन मीच केला होता, पण पोत्यावरचा मी नाही. मला गॅलीत कोण बसू देईल? टोपी तशी तिरकी घालणारे दोघे होते. एक स्टोअर्समधला पंजाबी, दुसरा देवगडचा. देवगडच्याचा मुलगा माझ्या संपर्कात आहे, त्याला फोटो पाठवलाय. त्याचं उत्तर आलं: 'बाबांसारखे दिसतात, पण बाबांनी पोत्यावर बसून कुणाला फोटो काढू दिला असता असं आईला वाटत नाही.' आता पंजाब्याचा पत्ता लागतो का बघतो.

आणि हो, यंदाचा हयातीचा दाखला दिलात ना?