शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला बंदीप्रत्यक्षीकरणाचा उपयोग काय?

प्रश्न:
बेकायदा डांबलेल्या माणसाची सुटका करण्यासाठी बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका असते, असे आम्ही शिकलो. सुनील बत्रा तर फाशीची शिक्षा झालेला, तिहारमधला कैदी होता. मग २० डिसेंबर १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग त्याला कसा खुला केला? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर १:
बत्राने या याचिकेत स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. एका वॉर्डरने पैसे उकळण्यासाठी दुसऱ्या कैद्याच्या गुदद्वाराला काठीने गंभीर इजा केली, असे त्याने न्यायमूर्तींना पत्राने कळवले आणि त्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले. डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल या न्यायमित्रांना (न्यायालयाला मदत करण्यासाठी नेमलेल्या वकिलांना) तुरुंगात जाऊन कैद्याला भेटण्याची, कागदपत्रे पाहण्याची आणि साक्षीदारांशी बोलण्याची मुभा मिळाली. कैदी पडला असेल, त्याला मूळव्याध असेल, अशी कारणे पुढे आली. ती टिकली नाहीत.

आता तुमचा मुद्दा. न्यायालय तुरुंगवासाची शिक्षा देते, छळाची नव्हे. शिक्षेत नसलेली यातना तुरुंगाने लादली, तर कैद कायदेशीर असूनही ती भोगायला लावण्याची रीत बेकायदा ठरते आणि तिथे राज्यघटनेचा अनुच्छेद २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) लागू होतो. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा हा गाभा आहे, आणि माझ्या मते सुटकेच्या आदेशाइतकेच त्याचे मोल आहे.

उत्तर २:
या विचाराचे मूळ आपल्याकडच्या एका खटल्यात सापडते. मुंबईच्या तुरुंगातील स्थानबद्ध प्रभाकर सांझगिरी यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले होते आणि त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. स्थानबद्धतेच्या अटींमध्ये अशी मनाई कुठेच नव्हती, म्हणून १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. नियमात नसलेले बंधन तुरुंगाला घालता येत नाही, हे तिथेच स्पष्ट झाले होते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. पण छळ होत असल्याचे पत्र त्याच वॉर्डरच्या हातून बाहेर जायचे असेल, तर कैद्याने करायचे काय?

उत्तर १:
न्यायालयाने नेमका हाच विचार केला होता. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्यांनी स्वतः तुरुंगाला भेटी द्याव्यात आणि एकांतवासासारख्या शिक्षेला सत्र न्यायाधीशांची संमती घ्यावी, असे निर्देश निकालात आहेत. तातडीमुळे आधी संमती घेता आली नाही, तर दोन दिवसांत त्यांना कळवावे लागते.